लोकलचा माल

निर्यातीच्या प्लॉटची फवारणीची नोंदवही मी अजून जपून ठेवली आहे. तारीख, औषधाचं नाव, लिटरला किती, कोणत्या रोगासाठी, काढणीला किती दिवस उरले, सगळं ओळीने लिहिलेलं. त्याच बागेत, पाटाच्या पलीकडे, लोकल मार्केटचा प्लॉट होता. वेली त्याच, पाणी तेच, फवारणीचा ब्लोअर तोच, चालवणाराही तोच. त्या प्लॉटला वही नव्हती. कोणी मागत नव्हतं, म्हणून मी ठेवत नव्हतो.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. राहुरीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला, त्यामुळे अडाणीपणाची सबब मला सांगता येत नाही. औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरात काय छापलेलं असतं ते मला वाचता येतं आणि कळतंही. फवारणीनंतर किती दिवस माल काढायचा नाही, त्याला आमच्याकडे सगळे ‘पीएचआय’ म्हणतात. हा पीएचआय मला एका प्लॉटला पाठ असायचा आणि दुसऱ्या प्लॉटला आठवायचा नाही.

हे असं का झालं, ते समजायला थोडं मागे जावं लागेल. 2003 साली आपल्या द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचे अंश युरोपात सापडले आणि मोठा गदारोळ झाला. त्यातून अंशतपासणीची योजना आली. पुढे ‘अपेडा’ या सरकारी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ आली: प्लॉटची नोंदणी, काढणीआधी नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, मगच पॅकहाउसचा रस्ता. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची त्यावर देखरेख. एवढं होऊनही 2010 साली पुन्हा ठेच लागली. छाटणीनंतर फुटीचा जोर आवरायला आम्ही वर्षानुवर्षं जे सीसीसी मारत होतो, त्या क्लोरमेक्वाटचे अंश युरोपातल्या तपासणीत मर्यादेपेक्षा जास्त निघाले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले आणि इकडे भल्याभल्यांचे पैसे बुडाले. मी त्यातून निभावलो, पण हाय खाल्ली.

या दोन्ही प्रकरणांतून मी शिकलो काय? युरोपात काय पकडलं जातं, एवढंच. ते रसायन कोणाच्या तरी पोटात जातं, हा विचार मला शिवला नाही. अहवालात ‘डिटेक्शन’ आलं की माझी झोप उडायची, ती कंटेनरच्या काळजीने. जिथे अहवालच नाही तिथे काळजीही नाही. आमच्या भागात बहुतेकांचं असंच चालायचं. पण मी इथे बहुतेकांचं सांगायला बसलेलो नाही.

2014 चा फेब्रुवारी सरता सरता अवकाळी सुरू झाली ती मार्चच्या मध्यापर्यंत हटली नाही. गारपिटीने शेजारच्या गावांत बागाच्या बागा झोडपून काढल्या. माझी बाग थोडक्यात वाचली, पण पावसाने मणी तडकले आणि घडांत मिलीबग घुसला. हा पिठ्या ढेकूण घडाच्या आत, देठाला चिकटून बसतो. बाहेरून घड चांगला दिसतो. हातात घेऊन उलटा केला की आत पांढरा कापूस. तो चिकट पाणी सोडतो, त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी चढते. असा घड व्यापारी हातात धरत नाही. लोकलच्या प्लॉटमध्ये साखर भरलेली, माल तयार. व्यापारी बागेत फिरून गेला आणि जाताना म्हणाला, “दादा, तेवढं पांढरं काढून टाका. परवा-तेरवा गाडी लावतो.”

काढून टाकायचं म्हणजे घड घड हातात घेऊन साफ करायचा. त्याला मजूर लागतात, वेळ लागतो, आणि आभाळ तर पुन्हा भरून आलेलं. मी औषधाच्या खोलीत गेलो आणि मिथोमिल काढलं. 2003 साली ज्याने आपली लाज काढली तेच. निर्यातीच्या प्लॉटजवळ मी ते फिरकू दिलं नव्हतं, इतकं त्याचं भय. अत्यंत जहाल गटातलं हे कार्बामेट. अंगात जास्त गेलं तर घाम, लाळ, उलट्या, बाहुल्या बारीक होणं, हे सगळं मला पुस्तकात शिकवलेलं होतं. ते मी तोडायला आलेल्या द्राक्षांवर मारलं. वर भुरीचं औषधही त्याच टाकीत मिसळलं, ब्लोअरची फेरी वाचावी म्हणून. ठरल्याप्रमाणे गाडी लागली, क्रेट भरले, वजन झालं. व्यापाऱ्याने भाव पाडला तेवढ्यावर आमची हुज्जत झाली. फवारणीचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हे मी पहिल्यांदाच केलं असंही नाही. त्या वर्षीचं लक्षात राहिलं, कारण नंतर लगेच मुलीचा फोन आला. ती पुण्यात असते. तिचा मुलगा तेव्हा तीन-चार वर्षांचा, द्राक्षांचा नुसता वेडा. दरवर्षी मी त्याच्यासाठी पेट्या पाठवायचो, अर्थात निर्यातीच्या प्लॉटमधल्या. त्या दिवशी सहज बोलता बोलता ती म्हणाली, “आप्पा, तुमची पेटी संपली. आता कोपऱ्यावरच्या गाडीवरून घेते. नाशिकचीच आहेत म्हणतो तो.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “ती नको देऊस त्याला.”

“का?”

मी काहीतरी सारवासारव केली. पावसाचा माल आहे, खोकला होईल, वगैरे. तिला पटलं नाही. जेवताना बायकोने विचारलं, “अहो, तिला खोटं का सांगितलंत?” तेव्हा मी खरं काय ते बोललो. ती फक्त एवढंच म्हणाली, “गाडीवरून घेणारी सगळी दुसऱ्यांचीच पोरं का?” आणि उठून गेली.

त्यानंतर मी वाचायला लागलो. आधी वाचायला हवं होतं ते. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने 1993 साली लहान मुलांच्या आहारातल्या कीडनाशकांवर एक अहवाल काढला होता. त्याचा गाभा असा की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. हिशेब मी माझ्याच द्राक्षांचा करून पाहिला. साठ किलोचा माणूस आणि पंधरा किलोचं पोर, दोघांनी पाव-पाव किलो द्राक्षं खाल्ली, तर वजनाच्या किलोमागे पोराच्या अंगात चौपट अंश जातो. आणि प्रत्यक्षात मोठा माणूस चार मणी तोंडात टाकून उठतो. पोर वाडगं संपवून आणखी मागतं. शिवाय त्याचा मेंदू अजून घडत असतो, आणि विष मोडून बाहेर टाकणारी यकृतातली यंत्रणा अगदी लहान बाळांत पुरती तयार नसते. त्या अहवालानंतर 1996 साली अमेरिकेत कायदा बदलला आणि मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा ठरवताना, पुरेशी माहिती हाती नसेल तर, दहापट जादा सावधगिरी धरायची असं ठरलं.

सिॲटल परिसरातल्या 23 शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नेहमीच्या जेवणातले बरेच पदार्थ पाच दिवसांपुरते बदलून सेंद्रिय दिले. मॅलॅथिऑन आणि क्लोरपायरिफॉस या दोन कीटकनाशकांच्या लघवीतल्या खुणा जवळजवळ लगेच दिसेनाशा झाल्या. नेहमीचं जेवण सुरू झाल्यावर त्या परत आल्या. मी हे दोनदा वाचलं. मिलीबगसाठी खोडं धुवायला क्लोरपायरिफॉस मी कित्येक वर्षं वापरलं आहे. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणाऱ्या परिणामाची शंका हे एक मोठं कारण धरून युरोपीय संघाने 2020 मध्ये त्याची परवानगी संपवली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण तिच्या अभावी मी दुसरी चूक केली. एखाद्या घडातल्या अंशामुळे अमक्या मुलाला तमका आजार झाला, असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आपण ज्याला ‘एमआरएल’ म्हणतो ती मर्यादा विषबाधेची रेघ नसते. औषध नियमाप्रमाणे वापरलं तर मालात जास्तीत जास्त किती उरेल, त्यावर ती बेतलेली असते आणि मग ती आरोग्याच्या कसोटीवर तपासली जाते. अनेक रसायनांना कायद्याने किलोला 0.01 मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा आहे. म्हणजे दहा कोटी भागांत एक. ती ओलांडली म्हणजे नियम मोडला हे नक्की, पण खाणारा आजारी पडेलच असं नाही. प्रश्न उरतो तो रोजचा, थोडा थोडा, अनेक रसायनांचा मिळून, आणि वाढत्या वयातला. त्याचं उत्तर अजून पुरतं हाती नाही. म्हणून तर काळजी घ्यायची.

हे मला नीट मांडता यायला हवं होतं. त्याऐवजी मी अर्धवट वाचून मुलीला फोनवर घाबरवत सुटलो. द्राक्षं बंद, सफरचंद बंद, बाजारातली स्ट्रॉबेरी तर अजिबात नको. तिने ऐकलं. नातू बिस्किटांवर आणि फरसाणावर आला, पोट साफ होईना. शेवटी त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं: फळं बंद करण्याने होणारं नुकसान आजच दिसतंय, तुमच्या वडिलांना सांगा. त्यांचं बरोबर होतं. आधी विष मारणारा मीच आणि मग फळ बंद करणाराही मीच.

धुण्याबाबतही माझं अज्ञान होतं. मीठ-हळदीच्या पाण्यात बुडवलं की सगळं निघून जातं, असं मी लोकांना सांगत असे. 2017 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरचे अंश बरेचसे गेले, नुसत्या पाण्यापेक्षा पुष्कळ जास्त. पण त्यांतलं एक बुरशीनाशक सालीच्या आत उतरलेलं होतं, तिथे कोणतंच पाणी पोचलं नाही. आम्ही द्राक्षावर मारतो त्यांतली कितीतरी औषधं आंतरप्रवाही असतात. झाडात भिनावीत म्हणूनच ती बनवलेली असतात. ती वरून चोळून निघायची नाहीत. आणि मण्यावरचा तो पांढुरका, मेणचट थर पाहून शहरातल्या बायका “पावडर मारलीय बघा” म्हणतात ना, ते औषध नसतं. तो द्राक्षाचा स्वतःचा नैसर्गिक थर. तो घासून मणी चकचकीत केला की विष गेलं असं त्यांना वाटतं, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं. तरीही धुवा. घड मोडून, मणी देठापासून सुटे करून, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरची धूळ, घामट हातांचा मळ आणि स्पर्शजन्य औषधाचा बराच भाग त्याने जातो.

बेदाण्याचं सांगायला मला सर्वांत जड जातं. एका वर्षी निर्यातीच्या एका प्लॉटचा अहवाल ‘फेल’ आला. लोकलला भाव नव्हता. मी तो माल बेदाण्याला दिला आणि सुटलो असं समजलो. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो; पाणी उडतं, पण जे रसायन उडत नाही किंवा मोडत नाही ते त्या एका किलोत एकवटतं. रात्री भिजत घालून सकाळी मुलांना बेदाणे देण्याची आपल्याकडे किती जुनी रीत आहे. तो ‘फेल’ अहवाल माझ्या कपाटात होता आणि माल कोणत्या तरी घरातल्या वाटीत.

एकदा तर अहवालात असं नाव आलं की जे मी कधी मारलंच नव्हतं. शोध घेतला तेव्हा कळलं, ‘संपूर्ण सेंद्रिय, शून्य अंश’ म्हणून दुकानातून आणलेल्या बाटलीत ते होतं. बाटलीवर ना नोंदणी क्रमांक, ना घटक. किडी पटापट मेल्या तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

पण मुलांच्या आरोग्याचं बोलताना मी इतकी वर्षं पुण्याच्या एका मुलापलीकडे पाहिलंच नव्हतं. माझ्या बागेत विरळणीला, जीए या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवायला, सुरगाणा-पेठकडची माणसं बिऱ्हाडं घेऊन येतात. बायका घड हाताळत पुढे सरकतात आणि मांडवाच्या तारेला बांधलेल्या झोळीत लेकरू झोपलेलं असतं. थोडं मोठं असलं की वेलीखाली मातीत खेळतं, गळलेले मणी वेचून तोंडात टाकतं. आदल्या संध्याकाळी त्याच ओळींतून ब्लोअर गेलेला असायचा. पानं अजून ओली. आईच्या हाताला औषध, त्याच हाताने ती सुट्टीत भाकरी मोडून पोराला भरवायची. हात धुवायला बागेत साबण असावा, हे मला सुचलं नव्हतं. फवारणीनंतर किती वेळ बागेत माणूस जाऊ द्यायचा नाही, हेही काही लेबलांवर लिहिलेलं असतं. माझ्या निर्यातीच्या नोंदवहीत तो रकाना नव्हता, म्हणून माझ्या डोक्यातही तो नव्हता. बाजारातल्या द्राक्षांतून नातवाला जे मिळालं असतं, त्याच्या कितीतरी पट त्या झोळीतल्या लेकराला मिळत असणार. त्याच्या आईने मला कधी “का?” विचारलं नाही. विचारणार तरी कशी, हजेरी माझ्या हातात.

उरलेलं औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून पंपाच्या खोलीत ठेवायची सवयही मला होती. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं माध्यान्ह भोजन खाऊन 23 मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. मी ती बातमी वाचली, हळहळलो, आणि माझी बाटली तिथेच राहिली. पुढे एका मजुराच्या मुलीने ती हातात घेतलेली बायकोने पाहिली. झाकण घट्ट होतं म्हणून निभावलं. मग मात्र लोखंडी पेटी आली, कुलूप आलं.

मिथोमिलवर अखेर 2023 साली देशात बंदी आली. मी त्याच्या आधीच ते सोडलं होतं, पण त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही. बायकोने किल्ली स्वतःकडे घेतली होती. आता दोन्ही प्लॉटना एकच वेळापत्रक आहे. काढणी जवळ आली की मिलीबग दिसला तर मजूर लावून घड साफ करतो, नाहीच जमलं तर घड तोडून पुरतो. त्या वर्षी पैसे कमी मिळतात. फवारणी संध्याकाळी होते आणि दुसऱ्या दिवशी त्या ओळींत कामाला माणूस जात नाही. लेकरांसाठी बागेबाहेर शेड आहे, तिथे एक वयस्कर बाई रोजावर बसते, आणि पाण्याच्या टाकीशी साबण असतो. भाकरी तिथेच खायची.

ग्राहकांना माझं सांगणं एवढंच की फळ सोडू नका आणि गाडीवाल्याला, दुकानदाराला विचारत राहा: माल कोणत्या गावचा, अहवाल आहे का. तो हसेल, टाळेल. तरी विचारा. तुम्ही विचाराल तेव्हा तो व्यापाऱ्याला विचारेल, व्यापारी आमच्या बागेत येऊन विचारेल. आमच्यासारख्यांना दुसरी कोणती भाषा कळत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. आणि बागायतदार भावांनो, लोकलच्या प्लॉटलाही वही ठेवा, कोणी मागत नसलं तरी.

कारण इतक्या वर्षांत माझ्या बागेतून लोकलला गेलेल्या मालाचा नमुना एकदाही कोणी काढलेला नाही, आणि या हंगामातही काढला नाही.